डबल केबिनचा जुना ट्रक : चासी कारखान्याची की गॅरेजची?

महाडहून वरंध घाटाने भोरकडे किंवा पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढणाऱ्या भरलेल्या ट्रकच्या चासीवर सपाट रस्त्यावर सहसा न येणारा ताण येतो. वळणावर पुढचे एक चाक उंचावर, दुसरे खाली आणि मागची चाके तिसऱ्याच पातळीवर असतात. अशा वेळी चासी अक्षरशः पिळली जाते. कारखान्यात घडलेल्या चासीत हा पीळ सोसण्याइतकी लवचिकता ठेवलेली असते. मधोमध कापून, तुकडा घालून जोडलेल्या चासीला मात्र जोडापाशीच भेग पडण्याचा धोका असतो. तुडीलसारख्या गावात उभा असलेला एखादा जुना डबल केबिन ट्रक हौसेने घ्यायचा, तर त्याची लांबी मुळातली की मागाहून वाढवलेली, हे पाहणे म्हणूनच अगत्याचे ठरते.

कामगारांची टोळी आणि अवजारे एकाच वाहनातून नेता यावीत, यासाठी दोन ओळींच्या आसनांची केबिन जन्माला आली. अमेरिकेत इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९५७ मध्ये ‘ट्रॅव्हलेट’ हा असा ट्रक बाजारात आणला. त्याला सुरुवातीस तीनच दरवाजे होते. फोर्डचा डबल केबिन ट्रक १९६५ मध्ये, तर शेवरोलेचा १९७३ मध्ये आला. अमेरिकी ट्रकच्या बाबतीत त्यामुळे वर्ष आणि मॉडेल पाहून पुष्कळसा उलगडा होतो.

आपल्याकडे गोष्ट निराळी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातील डॉज-फार्गो असोत किंवा १९५४ ते १९६९ या काळातील जर्मन सहकार्याने जमशेदपुरात तयार झालेले टाटा-मर्सिडीज असोत, अनेक ट्रक नुसत्या चासीच्या रूपात विकले जात आणि केबिन व हौदा स्थानिक बॉडी बिल्डर चढवीत असे. एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत चासीवर बसची बांधणी होत आली, ती याच पद्धतीने. लाकडी चौकटीची, हाताने ठोकलेल्या पत्र्याची केबिन दिसली म्हणून ट्रक ‘अस्सल नाही’ असे म्हणता येत नाही. केबिन बाहेर बांधणे वेगळे आणि चासी कापणे वेगळे. खरा पुरावा ट्रकखाली वाकूनच मिळतो.

कारखान्याच्या चासीतील दोन्ही लांब तुळया सहसा अखंड पोलादी पट्टीतून दाबून घडवलेल्या असतात. आडव्या तुळया रिव्हेटनी जोडलेल्या असतात. त्यांची डोकी एकसारखी, अंतरे समान. एका बाजूची भोके दुसऱ्या बाजूशी बहुधा जुळतात. गॅसने पाडलेले, कडा ओबडधोबड असलेले भोक हे नंतरच्या हाताचे काम समजावे. तुळईच्या वरच्या वा खालच्या आडव्या कडेला भोक पाडणे कारखाने टाळतात, कारण वाकण्याचा सर्वाधिक ताण तिथेच असतो. तिथे नवी भोके दिसली, तर शंका घ्यावी.

सांधा लपवण्यासाठी जाड रंग किंवा डांबर फासलेले असते. रंग खरवडावा आणि तुळईच्या आतल्या बाजूवरून बोट फिरवावे. बाहेरचा सांधा घासून गुळगुळीत केला, तरी आतला उंचवटा बऱ्याचदा राहून जातो. सरळ उभा सांधा हे घाईच्या कामाचे लक्षण. जाणता कारागीर तिरका छेद घेतो, आतून जोडपट्टी देतो आणि तिची टोकेही निमुळती ठेवतो, म्हणजे ताण एकाच रेषेवर साचत नाही. असे काम कमअस्सल मानणे अन्यायाचे होईल. मात्र वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्यालगतच्या पोलादाचे गुणधर्म बदलतात; भेग पुष्कळदा सांध्यात न पडता त्याच्या कडेला पडते. नजर तिथे असावी.

चासी लांबवली की बाकीच्या गोष्टीही लांबवाव्या लागतात. प्रोपेलर शाफ्टच्या नळीवरचा जादा वेल्ड, मध्येच जोड दिलेली ब्रेकची नळी, निराळ्या रंगाच्या वायरी जोडलेला तारांचा जुडगा या खुणा चासीवरील रंगाने झाकल्या जात नाहीत. दोन्ही बाजूंना पुढच्या व मागच्या चाकांच्या मध्यांतील अंतर, म्हणजे व्हीलबेस, मोजावे. महिंद्राच्या जुन्या सीजे-३बी जीपचा व्हीलबेस ८० इंच होता. त्याहून लांब गाडी त्याच नावाने समोर आली, तर प्रश्न विचारायलाच हवा.

कायद्याचा भाग थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार नोंदणी पुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच अधोरेखित केले. ५० वर्षांहून जुन्या वाहनांसाठी २०२१ मध्ये आलेली ‘व्हिंटेज’ नोंदणी दुचाकी आणि प्रवासी चारचाकींपुरती आहे. मालवाहू ट्रक तीत बसत नाही. प्रवासी जीप बसते, पण चासीत बदल झालेला असल्यास तीही अपात्र ठरते. म्हणून सौदा ठरवण्याआधी नोंदणी पुस्तकातील व्हीलबेस आणि मोजपट्टीवरचा आकडा ताडून पाहावा, आणि चासी नंबर ज्या पत्र्यावर कोरला आहे तो भाग तुळईचाच आहे की वरून डकवलेला, हेही तपासावे.