गोफणगुंडा उरतो, गोफण कुजते

संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे नावाचं गाव आहे. १९५०-५१ मध्ये डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी इथं उत्खनन केलं आणि ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांच्या एका संस्कृतीला या गावाचं नाव मिळालं. तिचा काळ साधारण इ.स.पू. १४०० ते ७००. या संस्कृतीच्या वस्त्यांत मातीचे नि दगडाचे गोळे मिळतात. अभ्यासक त्यांना गोफणगुंडे मानतात. पण गोफणीचा वाख मातीत कुजतो. शिकारीसाठी फेकून मारायच्या काठ्या असतील, तर त्यांचंही तेच झालं असणार.

इजिप्तची कोरडी हवा याबाबतीत दयाळू. १९२२ मध्ये हॉवर्ड कार्टर यांना सापडलेल्या तुतनखामेनच्या थडग्यात, म्हणजे जोर्वे संस्कृतीच्याच काळातल्या एका दफनात, फेकायच्या लाकडी काठ्याही होत्या आणि जवसाच्या धाग्याच्या गोफणीही.

आपल्याकडे धागा टिकला तो अपवादानं. जोर्वे संस्कृतीच्याच नेवाशाच्या वस्तीत पुरलेल्या एका बालकाच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ मिळाली. तांब्याच्या गंजानं आतला कापूस-रेशमाचा दोरा राखला. धागा पिळण्याची ही हातोटी ज्यांच्याकडे होती, त्यांना गोफण विणणं काय अवघड?

आजही गोफण तशीच होते. अंबाडीच्या वाखाच्या दोन दोऱ्या, मध्ये दगड मावेल एवढी विणलेली झोळी. एका दोरीच्या टोकाला बोट घालायला फासा. दुसरं टोक मोकळं, चिमटीत धरायचं. पारख सोपी आहे, पण सोडून चालत नाही. दोन्ही टोकं एकत्र धरून झोळीत दगड ठेवायचा. झोळी एका अंगाला कलली तर दोऱ्या कमीजास्त आहेत आणि दगड भलतीकडे जाणार. मग डोक्यावरून फिरवून चिमटी सोडायची. फिरण्याचा वेग तोच ठेवून दगडाचं हातापासूनचं अंतर वाढवलं, तर दगडाचा वेग त्याच प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की माराची ऊर्जा चौपट होते. सुटलेला दगड वर्तुळात फिरत राहत नाही, त्या क्षणी ज्या दिशेनं चालला होता तिकडेच सरळ निघतो. म्हणून सारं कसब चिमटी कधी सुटते यात आहे.

रब्बी ज्वारी दाण्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. माळ्यावरचा राखणदार त्यांच्यावर नेम धरत नाही. पिकावरून सणसणत गेलेला एक दगड थवा उठवायला पुरतो. संग्रहालयांत जिथं गोफणगुंडे मांडले आहेत, तिथं शेजारी अशी एक वाखाची गोफण ठेवायलाच हवी.