मदिना, कॅम्प आणि जुनी वस्ती

अरबीत ‘मदिना’ म्हणजे शहर. त्या शब्दात ‘जुने’ असा अर्थ मुळीच नाही. मोरोक्कोतल्या फेसमध्ये हजार वर्षे तटाच्या आतले तेच शहर होते. मशिदीभोवती धंद्यावार बाजार, आत जावे तशा अरुंद होत जाणाऱ्या गल्ल्या आणि शेवटी रस्त्याकडे पाठ व चौकाकडे तोंड केलेली घरे, अशी त्याची रचना. परक्याला हा चक्रव्यूह वाटतो. पण बाजार सर्वांचा आणि बंद गल्ली तिथल्या घरांची, हा त्यामागचा साधा नियम आहे.

१९१२ मध्ये मोरोक्कोवर फ्रेंच अंमल आला. अल्जियर्समध्ये फ्रेंचांनी १८३० नंतर कसब्याचा खालचा भाग पाडला होता. मोरोक्कोत ल्योते यांनी तो मार्ग टाळला. मदिना तशीच ठेवून त्यांनी बाहेर रुंद रस्त्यांची नवी शहरे वसवली. राजधानी फेसहून रबातला गेली, व्यापार कासाब्लांकाच्या बंदराकडे वळला. तट शाबूत राहिला, पण आतले शहर ‘जुने’ ठरले.

वऱ्हाडच्या वाचकाला ही गोष्ट परकी वाटू नये. पेंढाऱ्यांपासून सावकार-व्यापाऱ्यांचे रक्षण व्हावे म्हणून निजामाच्या राजवटीत १८०७ मध्ये अमरावतीचा परकोट बांधायला घेतला. त्याला नागपुरी गेट, अंबागेटसारखे दरवाजे आणि माणसांपुरत्या लहान खिडक्या ठेवल्या. खुनारी खिडकीचे नाव तिच्याजवळच्या रक्तपातावरून पडले. इथला कापूस तेव्हा बैलांवर लादून मिर्झापूरच्या वाटेने जाई.

१८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आला आणि साहेबांचा कॅम्प परकोटाबाहेर वसला. मुंबई-नागपूर रेल्वे बडनेऱ्यावरून गेली. सुमारे दहा किलोमीटरवरच्या अमरावतीच्या वाट्याला फाटा आला. बडनेऱ्यात तर रुळांनीच गावाचे दोन भाग केले. एका बाजूला जुनी वस्ती, दुसऱ्या बाजूला नवी वस्ती.

फेसची मदिना १९८१ मध्ये जागतिक वारसा यादीत गेली. तिथेही खरा प्रश्न दगडांपुरता नाही. कारागिराचे दुकान, गल्लीतले पाणी आणि घराची डागडुजी परवडली, तरच लोक आत राहतात. परकोटाचा विचारही याच क्रमाने व्हायला हवा: आधी आतला रहिवासी, मग तट. कारण वय झाल्याने शहर जुने होत नाही. कचेरी, बाजार आणि रेल्वे बाहेर गेली की होते.