कुलूप पाहून शिरणारा चोर

पेशीने गप्प बसवलेल्या जनुकांवरचा पहारा मोडतो, ती बोलू लागतात आणि गाठ वाढते, असे कर्करोगाचे चित्र बातम्यांतून आता चांगलेच रुळले आहे. सायनोव्हियल सार्कोमा या मऊ ऊतींच्या, बहुधा तरुणांच्या गुडघ्याच्या आसपास उद्भवणाऱ्या कर्करोगाला मात्र ते नीट लागू पडत नाही. इथे १८ व्या गुणसूत्रावरचे एसएस१८ आणि एक्स गुणसूत्रावरचे एसएसएक्स ही जनुके तुटून एकमेकांना जोडली जातात आणि दोघांचे मिळून एकच प्रथिन बनते. एसएस१८ हा ‘बाफ’ या यंत्रणेचा एक भाग. घट्ट गुंडाळलेला डीएनए सैल करणे हे तिचे काम. एसएसएक्स एरवी वृषणाबाहेर फारसे दिसतही नाही. पण त्याच्या शेपटाकडे एक विलक्षण कसब आहे. गप्प केलेल्या जनुकांपाशी एच२ए हिस्टोनवर (डीएनए ज्याभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनावर) युबिक्विटिनची जी खूण असते, ती ते अचूक ओळखते. सुटीत गावी गेलेल्यांचे घर चोराला दाराच्या कुलपावरूनच कळते, तसेच हे. कुलूप शाबूत असते, किंबहुना तेच पत्ता सांगते. आणि एसएस१८मुळे शेपटाशी जोडली गेलेली बाफ यंत्रणा नेमकी तिथे जाऊन सॉक्स२ सारखी जनुके उघडते.

ही खूण उमटवणाऱ्या प्रथिनांना पॉलिकोम्ब म्हणतात, आणि त्यांचा शोध कर्करोगाच्या प्रयोगशाळेत लागलेला नाही. फळमाशीच्या नराला फक्त पुढच्या पायांवर केसांचे छोटे कंगवे असतात. मागच्या पायांवरही कंगवे उगवलेल्या माशा पामेला लुईस यांनी १९४७ मध्ये नोंदवल्या. या माशांत बिघडलेल्या जनुकाचे मूळ काम इतर जनुकांना आवरण्याचे असावे, हे त्यांचे पती एडवर्ड लुईस यांनी १९७८ मध्ये मांडले. एडवर्ड यांना १९९५ चे नोबेल मिळाले. पामेला यांचे नाव पाठ्यपुस्तकांत शोधावे लागते. मागच्या पायावरच्या चार केसांकडे लक्ष जाणे ही काही लहानसहान नजर नव्हे.

खूण ओळखून शिरण्याच्या या चित्रावर रास्त आक्षेप असा, की एसएस१८ आणि एसएसएक्सचे जोडप्रथिन बाफमध्ये शिरताना बाफ४७ या घटकाला बाहेर ढकलते, हे संशोधक सिगाल कडोक आणि जेराल्ड क्रॅबट्री यांनी २०१३ मध्येच दाखवले होते. मग खरा बिघाड तोच का नसावा? बाफ४७ गमावलेले कर्करोग आहेतच. पण २०१८ च्या प्रयोगांत जोडप्रथिन दाबताच पेशींची वाढ थांबली, आणि त्यासाठी बाफ४७ परत येण्याची गरज पडली नाही. म्हणजे हकालपट्टी खरी, पण या पेशींची वाढ चालू राहते ती यंत्रणा चुकीच्या पत्त्यावर नेल्यामुळे. औषधांचा अनुभवही याच दिशेने बोट दाखवतो. पॉलिकोम्बचाच दुसरा गट हिस्टोनवर मिथाइलची खूण लावतो. ते काम थांबवणाऱ्या टॅझेमेटोस्टॅट या औषधाला अमेरिकेत जानेवारी २०२० मध्ये एपिथेलिऑइड सार्कोमासाठी मान्यता मिळाली, आणि त्या कर्करोगात बाफ४७ बहुधा नसतेच. सायनोव्हियल सार्कोमाच्या रुग्णांत त्याच औषधाने गाठी आकसल्या नाहीत. प्रयोगशाळेतील निकाल आशादायक होते हे खरे, पण चोर युबिक्विटिनच्या खुणेवरून शिरत असताना मिथाइलची खूण पुसून त्याला अडवता येईल, ही अपेक्षाच मुळात कच्ची होती. एसएसएक्सचे शेपूट त्या खुणेला चिकटू न देणारे औषध शोधणे अवघड आहे. तरीही ‘एपिजेनेटिक’, म्हणजे जनुकांवरच्या खुणांचा बिघाड, एवढे लेबल लावून सगळ्या सार्कोमांना एकच गोळी सुचवण्यापेक्षा पैसा तिकडे जावा.