फिरते पाते नसलेले इंजिन

प्रकाशे येथील बॅरेजच्या दारांखालून सुटलेले तापीचे पाणी काही अंतर पातळ, वेगवान धारेने धावते आणि मग एकाएकी फेसाळून उंच होते, हे दृश्य शहादेकरांच्या नित्य परिचयाचे. परंतु त्या फेसाळ रेषेचे आणि स्वनातीत हवेतील आघाततरंगाचे गणित एकाच घराण्यातले आहे, हे सहसा कोणी सांगत नाही. खालच्या अंगाला पाणी तुंबले की ही उसळी मागे सरकत थेट दाराला येऊन भिडते, आणि स्क्रॅमजेट नावाच्या इंजिनाचे मुख्य दुखणे नेमके हेच आहे.

नेहमीच्या जेट इंजिनात हवा दाबण्याची कामगिरी फिरत्या पात्यांकडे असते. स्क्रॅमजेटमध्ये पातीच नाहीत, कारण ध्वनीच्या सहापट वेगाने समोरून येणारी हवा तोंडाशीच तिरप्या आघाततरंगांनी दाबली जाते. ती पूर्ण थांबवावी तर तापमान दीड हजार अंश सेल्सियसच्या घरात जाते. म्हणून तिला स्वनातीत ठेवूनच तीत इंधन जाळावयाचे. मीटरभराच्या दहनकक्षातून ती मिलिसेकंदभरात निघून जाते, आणि तेवढ्या मुदतीत इंधनाने मिसळावे, पेटावे, जळून संपावे! ज्वलन अवाजवी झाले तर दाब मागे चढतो, तोंडाचा तरंग बाहेर फेकला जातो आणि इंजिन गुदमरते.

अशा यंत्रात पोकळीचा आकार हाच खरा कारभारी. तो ठरविण्यासाठी नाव्हिए आणि स्टोक्स यांची एकोणिसाव्या शतकातील समीकरणे घेऊन, पोकळीचे लक्षावधी कप्पे पाडून, संगणक प्रत्येक कप्प्यातील दाब, वेग व तापमान यांचा हिशेब मांडतो. मात्र कप्प्याहून लहान भोवऱ्यांच्या जागी अनुमानच घालावे लागते. रंगीत आकृत्या पाहून भुलणाऱ्याने एवढे ध्यानात ठेवलेले बरे. म्हणूनच पवईच्या आयआयटीत आहे तशा आघातनलिकेशी या हिशेबाची रुजवात घालतात: एका टोकाला कोंडलेला वायू धातूचा पातळ पडदा फोडतो, तरंग धावतो, आणि नमुन्यावरून अतिवेगवान हवा वाहते ती जेमतेम मिलिसेकंदापुरती, दाबमापकांनी आपली साक्ष तेवढ्यातच द्यावयाची.

२८ ऑगस्ट २०१६ रोजी श्रीहरिकोट्याहून उडालेली इस्रोची स्क्रॅमजेट इंजिने सुमारे ५ सेकंद जळली; ७ सप्टेंबर २०२० रोजी डीआरडीओच्या यानात ज्वलन २० सेकंदांहून अधिक टिकले; एप्रिल २०२५ मध्ये हैदराबादेत जमिनीवरच्या चाचणीत दहनकक्षाने १००० सेकंदांची हद्द ओलांडली. अर्थात जमिनीवर हवा तापवितात ती बहुधा तीतच इंधन जाळून, त्यामुळे तिच्यात पाण्याची वाफ मिसळते, जी तीस किलोमीटर उंचीवरच्या हवेत जवळपास नसतेच. हा फरक वजा करून आकाशातील ज्वलनाचा अदमास बांधण्याचे काम पुन्हा संगणकाकडेच येते.