माल कोनता, गोटा कोनता?

ब्लॅक अँड व्हाइट प्रिंट काढणाऱ्याचा खरा कस पाहायचा असेल, तर त्याच्या हाती तुमसर तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्गच्या मँगनीज खाणीतला फोटो द्यावा. तिथल्या मालात मँगनीज डायऑक्साइड भरपूर. ड्राय बॅटरीवाल्यांना तोच लागतो. रंग मात्र काळाकुट्ट. काळा ढीग, काळी धूळ बसलेले हात, टोपीच्या सावलीत सावळा चेहरा. उजळ म्हणावं असं फ्रेममध्ये जेमतेम काही असतं.

अशा फोटोंच्या प्रदर्शनाचं काम आमच्या टेबलावर आलं, तेव्हा फोटोग्राफरचा एकच धोशा होता : ‘डीमॅक्स पाहिजे.’ डीमॅक्स म्हणजे शाई आणि कागद मिळून देऊ शकतील तो सगळ्यात गडद काळा. कोऱ्या कागदाचा पांढरा तो डीमिन. या दोन टोकांमधलं अंतर म्हणजे टोनल रेंज. डेन्सिटीचा, म्हणजे गडदपणाचा, हिशेब लॉगरिदमचा असतो. 1 म्हणजे पडलेल्या उजेडातला 10 टक्के परत येतो, 2 म्हणजे फक्त 1 टक्का. चांगल्या ग्लॉसी कागदावर 2.3 च्या आसपास जाता येतं, मॅटवर 1.6 किंवा 1.7 ला गाडी थांबते. हे गणित मुळात निगेटिव्हसाठी बसवलं फर्डिनांड हर्टर आणि व्हेरो ड्रिफील्ड या दोघांनी, 1890 मध्ये. दोघंही इंग्लंडमधल्या विड्नेसच्या अल्कली कारखान्यातले. एक रसायनतज्ज्ञ, दुसरा इंजिनिअर. सावलीला आकडा लावला तो कारखान्यातल्या माणसांनी, कलावंतांनी नव्हे. मला यात गंमत वाटते.

तर आकडा हवा तसा आला. मीटर 2.3 दाखवत होतं, फोटोग्राफर खूश. प्रूफ पाहायला फोटोतलेच एक निवृत्त खाणकामगार आले होते. त्यांनी प्रिंट जवळ धरली, लांब धरली, आणि विचारलं, ‘भाऊ, यात माल कोनता अन् गोटा कोनता?’

ज्याचा जन्म माल आणि गोटा, म्हणजे खनिज आणि फेकायचा दगड, वेगळा करण्यात गेला, त्याला ते दिसत नव्हतं. मग प्रदर्शनातल्या पाहुण्यांना काय दिसणार होतं?

रेंज पुरेशी होती, सेपरेशन, म्हणजे शेजारशेजारच्या छटा वेगळ्या दिसणं, नव्हतं. या धंद्यात सगळ्यात जास्त घोळ याच दोन शब्दांचा होतो. शाई कागदावर पसरते, त्यामुळे गडद टोकाच्या छटा एकमेकींत मिसळतात. तपासायला आम्ही 21 चौकटींची पट्टी छापतो, दर चौकटीला 5 टक्के शाई वाढवत. या कागदावर शेवटच्या तीन-चार चौकटी एकच झाल्या होत्या. ढीग, हात आणि सावली, सगळं त्याच चार चौकटींत राहत होतं. अशा वेळी लिनियरायझेशन करावं लागतं : पट्टी मोजायची आणि प्रत्येक पायरी समान अंतरावर येईल अशी शाईची वक्ररेषा बसवायची. करड्या शायांचा उपयोग इथे होतो. एप्सनने 2005 मध्ये काळ्याच्या तीन पातळ्या असलेली के-थ्री शाई आणली. त्याआधीच अमेरिकेत जॉन कोनने निव्वळ काळ्या-करड्या शायांवर चालणारी पिझोग्राफी सुरू केली होती.

अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर यांच्या झोन सिस्टिमच्या भाषेत सांगायचं, तर मँगनीजचा ढीग शून्याच्या, म्हणजे निखळ काळ्या, झोनमधून उचलून दुसऱ्या-तिसऱ्यात आणला. निखळ काळा ठेवला तो फक्त दगडांमधल्या फटींना. पोत दिसायला लागला, कडेवरची धातूची चमकही. फोटोग्राफर कुरकुरला, ‘फिकं झालं.’ त्या निवृत्त खाणकामगारांनी मात्र प्रिंटवर बोट ठेवून कोणता दगड टोपलीत जाईल आणि कोणता फेकला जाईल ते दाखवलं. त्यानंतर कुरकुर थांबली.

भाताच्या रोवणीचे फोटो आले, तर त्यांचं दुखणं याच्या उलट. पावसाळी आभाळ, बांधीतलं पाणी, चिखल, सगळं मधल्या करड्यात. ‘जरा उठाव द्या’ म्हणून कॉन्ट्रास्ट ताणला की पाण्याची चमक जळून कोरा कागद उरतो. घरी लावायच्या फोटोंविषयी न बोललेलं बरं. तिथे टोनल रेंजची व्याख्या ‘आजोबा जरा गोरे करा’ एवढीच असते.

प्रदर्शन लागलं तेव्हा अर्ध्या प्रिंट ग्लॉसीवर होत्या, अर्ध्या मॅटवर. सभागृह साधंच, समोरच्या भिंतीवर ट्यूबलाइटची रांग. ग्लॉसी प्रिंटवर ती रांग जशीच्या तशी उमटली. 2.3 चा काळा म्हणजे अर्धा टक्का उजेड परत. त्यावर समोरच्या चमकेचा 2 टक्के चढला की झाले अडीच टक्के, म्हणजे बरोबर 1.6. महागडा कागद मॅटच्या पातळीवर आला, वर त्यात आपलाच चेहरा दिसतो ते वेगळंच. फोटोग्राफर मॅटच्या रांगेसमोर उभा राहून म्हणाला, ‘हे जास्त काळे कसे?’ मी हिशेब सांगायला लागलो, तोवर आयोजकांनी शिडी मागवली आणि समोरच्या ट्यूबा बंद करायला एक पोरगा वर चढवला.