आम्लवर्षा आणि अन्नपचन : सोलापूरच्या चुनखडीयुक्त मातीच्या संदर्भात

प्रस्तावना

आम्लवर्षा हा विषय पर्यावरणशास्त्राच्या अभ्यासक्रमात येतो, तर अन्नपचन हा शरीरक्रियाशास्त्राच्या. त्यामुळे विद्यार्थी हे दोन्ही पाठ वेगवेगळ्या वह्यांत लिहून घेतात आणि त्यांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे त्यांच्या मनातही येत नाही. वास्तविक दोन्हींच्या मुळाशी आम्ल आणि आम्लारी यांच्या उदासिनीकरणाची एकच रासायनिक क्रिया आहे. आम्ल किती तयार झाले, एवढ्यावर परिणाम ठरत नाही. ते शमविण्याची शक्ती जवळ किती शिल्लक आहे, यावर तो ठरतो. प्रस्तुत लेखात हा विचार दक्षिण सोलापूर तालुक्यातील वळसंग परिसर डोळ्यांसमोर ठेवून मांडला आहे. सोलापूर-अक्कलकोट मार्गावरील या गावाच्या भोवती काळी, चुनखडीयुक्त जमीन आहे, आणि याच तालुक्यात आहेरवाडी-फताटेवाडी येथे कोळशावर चालणारे १३२० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक विद्युत केंद्र आहे. त्याचा पहिला संच २०१७ मध्ये व दुसरा २०१९ मध्ये व्यावसायिक उत्पादनासाठी सुरू झाला. आम्ल निर्माण करणारा धूर आणि आम्ल शमविणारी माती एकाच तालुक्यात असल्याने हा प्रश्न येथे केवळ पुस्तकी राहत नाही.

पाऊस आम्लधर्मी कसा होतो?

आम्लता मोजण्याचे माप म्हणजे सामू. शुद्ध पाण्याचा सामू ७ असतो. त्याखालील द्रावण आम्लधर्मी, त्यावरील आम्लारिधर्मी. हे माप सरळ पायऱ्यांचे नाही. सामू एकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, दोनाने उतरला की शंभरपट. अत्यंत स्वच्छ हवेतून पडणारे पावसाचे पाणीही उदासीन नसते. हवेतील कार्बन डायऑक्साइड त्यात विरघळून सौम्य कार्बोनिक आम्ल तयार होते आणि सामू सुमारे ५.६ पर्यंत येतो. म्हणून ५.६ पेक्षा कमी सामू असलेल्या पावसास सामान्यतः आम्लवर्षा म्हटले जाते. मँचेस्टर परिसरातील पावसाच्या अभ्यासातून रॉबर्ट अँगस स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने ही घटना १८५२ मध्ये नोंदविली आणि १८७२ मधील आपल्या ग्रंथात ‘आम्लवर्षा’ ही संज्ञा वापरली.

कोळशात गंधक असते. ते जळले की सल्फर डायऑक्साइड वायू होतो. हवेत ऊन व बाष्प यांच्या सान्निध्यात त्याचे ऑक्सिडीकरण होऊन सल्फ्युरिक आम्ल बनते. ढगातील थेंबांत हायड्रोजन पेरॉक्साइडच्या साहाय्याने हीच क्रिया अधिक वेगाने घडते. वाहनांच्या इंजिनांतून व भट्ट्यांतून निघणारी नायट्रोजनची ऑक्साइडे अशाच मार्गाने नायट्रिक आम्लात रूपांतरित होतात. (वीज चमकतानाही नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात, म्हणजे निसर्गाचाही यात थोडा वाटा आहे.)

प्रमाणाचा अंदाज येण्यासाठी एक साधे गणित पाहू. भारतीय कोळशात गंधकाचे प्रमाण कमी, साधारण अर्धा टक्का असते. एक टन कोळशात पाच किलो गंधक धरले आणि ते सर्व जळले, तर अणुभारांच्या हिशेबाने दहा किलो सल्फर डायऑक्साइड तयार होईल. एक युनिट विजेसाठी सुमारे साडेसहाशे ग्रॅम कोळसा लागतो असे मानले, तर एक टन कोळशातून पंधराशे युनिट वीज मिळते. महिन्याला सव्वाशे युनिट वापरणाऱ्या घराची ही वर्षाची गरज. त्या दहा किलो वायूला पूर्णपणे शमविण्यासाठी सुमारे साडेपंधरा किलो कॅल्शियम कार्बोनेट लागेल. एका घराच्या एका वर्षाचा हा हिशेब आहे.

ताकाइतका आम्ल पाऊस

आम्लवर्षा म्हणजे अंगावर पडताच त्वचा भाजणारा पाऊस, असा समज अजूनही आढळतो. ताकाचा सामू साडेचारच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचा सव्वादोनच्या. चेंबूरसारख्या औद्योगिक भागात पूर्वी नोंदविला गेलेला आम्लधर्मी पाऊस साधारण ताकाच्या तोडीचा होता. आपण ताक आवडीने पितो. मग असा पाऊस अपायकारक का?

याचे उत्तर स्कँडिनेव्हियातील तलावांनी दिले. तेथील खडक ग्रॅनाइटी, माती पातळ आणि चुन्याचा अंश नगण्य. वर्षानुवर्षे आम्लधर्मी पाऊस पडत राहिला तेव्हा पाण्यात तो शमविणारे काहीच नव्हते. सामू उतरत गेला, मातीतील ॲल्युमिनियम विरघळून तलावात आले, माशांच्या कल्ल्यांना इजा झाली आणि पुष्कळ तलाव मत्स्यहीन झाले. तोच पाऊस चुनखडीच्या प्रदेशात पडला असता तर तलावांना फारसे काही झाले नसते.

सोलापूरचे आकाश

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत आहे. वार्षिक सरासरी पाऊस साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास आणि तोही खंड पाडत येणारा. बेसॉल्ट खडकापासून बनलेल्या येथील काळ्या जमिनीत पाऊस कमी असल्याने चुना वाहून जात नाही. तो खाली साठतो आणि नांगरताना पांढऱ्या खड्यांच्या रूपाने वर येतो. या जमिनीचा सामू बहुधा साडेसात ते साडेआठ असतो. त्याचा शेतकऱ्याला तोटाही आहे. अशा जमिनीत लोह असूनही पिकाला ते मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात. मात्र उन्हाळ्यात या मातीची धूळ वाऱ्याबरोबर वर चढते तेव्हा तिच्यातील कॅल्शियम कार्बोनेटही आकाशात जाते.

ढगातील प्रत्येक थेंबाला जमण्यासाठी एखादा सूक्ष्म कण आधार म्हणून लागतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने २०१८ व २०१९ मध्ये सोलापूर परिसरात ढगांत कॅल्शियम क्लोराइडचे कण सोडून जे प्रयोग केले, ते याच तत्त्वावर आधारलेले होते. कण चुनखडीयुक्त असेल किंवा पडताना असा कण थेंबात मिसळला, तर थेंबातील सल्फ्युरिक आम्लाशी त्याची क्रिया होऊन कॅल्शियम सल्फेट, पाणी व कार्बन डायऑक्साइड तयार होतात. आम्ल नाहीसे होते. याच संस्थेतील एल. टी. खेमानी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिले की, भारतातील बहुतेक ठिकाणी पावसाचा सामू ५.६ च्या वर राहतो याचे मुख्य कारण आम्लारिधर्मी मातीची धूळ हे आहे. कोकण व घाटमाथ्याची स्थिती निराळी आहे. तेथील जांभ्या मातीतून चुना केव्हाच वाहून गेला आहे आणि पावसाळ्यात धूळही उडत नाही.

आपला पाऊस आम्लधर्मी नाही, यावरून आपली हवा स्वच्छ आहे असा निष्कर्ष काढता येत नाही. हवेत आम्लही आहे आणि त्याला शमविणारी धूळही, एवढाच त्याचा अर्थ.

जठरातील आम्ल

आता आकाशातून शरीराकडे वळू. भाकरीचा घास चावताना लाळेतील विकर पिष्टमय पदार्थांचे विघटन सुरू करते. लाळेचा सामू उदासीनाच्या जवळ असतो. अन्ननलिकेतून घास जठरात उतरतो तेव्हा परिस्थिती एकदम पालटते. जठराच्या भिंतीतील विशिष्ट पेशी हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवतात आणि तेथील सामू दोनपर्यंत खाली येऊ शकतो. साडेचार सामूच्या पावसापेक्षा हे तीनशेपट आम्ल आहे. विल्यम प्राउट यांनी १८२४ मध्ये हे आम्ल कोणते ते ओळखले. या आम्लामुळे अन्नातील बहुतेक जंतू मरतात, प्रथिनांची गुंडाळी उलगडते आणि पेप्सिन हे विकर कार्यक्षम होते.

येथे आपल्या भाकरीविषयी थोडे सांगणे अस्थानी होणार नाही. मोहोळच्या संशोधन केंद्रातून निवडली गेलेली ‘मालदांडी ३५-१’ ही रब्बी ज्वारी या जिल्ह्याचे मुख्य अन्न आहे. ज्वारीतील काफिरिन नावाचे प्रथिन शिजविल्यावर अधिक घट्ट बांधले जाते आणि पेप्सिनला ते सहज तोडता येत नाही. भाकरी खाल्ल्यावर पोट बराच वेळ भरलेले वाटते, त्यामागील अनेक कारणांपैकी हे एक असावे.

एवढे तीव्र आम्ल जठरालाच का पचवीत नाही? जठराच्या आतील बाजूस श्लेष्म्याचा थर असतो व त्यात बायकार्बोनेट मिसळलेले असते. आम्ल भिंतीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तेथे शमते. शिवाय अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलून नव्या येतात. पुढे हे आम्लयुक्त अन्न लहान आतड्याच्या प्रारंभीच्या भागात येते. त्या भागाला असे संरक्षण पुरेसे नसते. आम्लाचा स्पर्श होताच तेथील पेशी सिक्रेटिन हे संप्रेरक रक्तात सोडतात, ते स्वादुपिंडापर्यंत पोहोचते आणि स्वादुपिंड बायकार्बोनेटयुक्त रस पाठविते. जितके आम्ल अधिक, तितका रस अधिक. १९०२ मध्ये लंडन येथे विल्यम बेलिस व अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी हा शोध लावला. शोधले गेलेले हे पहिले संप्रेरक होय. आम्ल शमल्यानंतरच स्वादुपिंडाची विकरे व पित्तरस आपले काम करू शकतात आणि पिष्ट, प्रथिने व स्निग्ध पदार्थ यांचे शोषण होते.

या संरक्षक थराला भेग पडली की व्रण होतो. सोलापुरी शेंगाचटणी व तिखट खाण्यालाच त्याचा दोष देण्याची आपली रीत आहे. परंतु रॉबिन वॉरेन व बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकात दाखविले की बहुसंख्य व्रणांमागे हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू असतो. त्यासाठी त्यांना २००५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. वेदनाशामक गोळ्यांचा अतिवापर हे दुसरे मोठे कारण. पोटात जळजळ झाली की सोडा घेणारा मनुष्य आम्ल शमवितो, म्हणून त्याला बरे वाटते; जिवाणू मात्र जागेवरच राहतो. लक्षण शमले म्हणून कारण गेले असे होत नाही.

आम्लाचा ग्रामीण व्यवहारही येथे आठवतो. हरभऱ्याच्या पानांवरील सूक्ष्म केस मॅलिक व ऑक्झॅलिक आम्ल स्रवतात. थंडीत पिकावर स्वच्छ फडके अंथरून पहाटे दवासह ते पिळून घेतात. ही ‘आंब’ पोटदुखी व अजीर्णावर घरगुती औषध म्हणून जपून ठेवली जात असे. औषध म्हणून तिची योग्यता काहीही असो, आम्ल हे शत्रूच असते असे आपले पूर्वज मानीत नव्हते, एवढे त्यातून दिसते.

साम्य कोठे संपते?

आतापर्यंत जठर व आकाश यांची तुलना केली. परंतु ती एका ठिकाणी थांबते, आणि तेथेच या विषयाचे खरे महत्त्व आहे. शरीरात आम्ल वाढले की सिक्रेटिन सूचना देते व त्या प्रमाणात बायकार्बोनेट येते. आकाशात अशी कोणतीही सूचना नाही. धूळ उडते ती वाऱ्यामुळे, पडीक जमिनीमुळे, उखडलेल्या रस्त्यांमुळे. धुराड्यातून गंधक अधिक बाहेर पडले म्हणून शेतातून चुना अधिक उडत नाही. आपल्या पावसाचे संरक्षण हा केवळ योगायोग आहे.

हा योगायोग टिकेल असे मानता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात सोलापूर शहराचा समावेश आहे आणि अशा शहरांत मुख्य भर धूलिकण कमी करण्यावर राहिला आहे. रस्ते झाडणे, कडेला फरसबंदी करणे, पाणी मारणे ही कामे योग्यच आहेत. श्वसनविकार असलेल्यांना त्यांची नितांत गरज आहे. मात्र धूळ कमी झाली आणि सल्फर डायऑक्साइड तसाच राहिला, तर शमविणारे द्रव्य घटेल व आम्ल उरेल. युरोप व उत्तर अमेरिकेत असेच घडल्याचे १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले : पावसातील कॅल्शियमसारखे आम्लारिधर्मी घटक घटल्यामुळे गंधक कमी करूनही आम्लता अपेक्षेइतकी उतरली नाही. भारतातही नागपूर व पुण्यासह दीर्घकालीन निरीक्षण केंद्रांपैकी बहुतेक ठिकाणी पावसाचा सामू दशकांगणिक उतरत आल्याचे नोंदले गेले आहे.

या पार्श्वभूमीवर औष्णिक केंद्रांविषयीचे धोरण पाहावे लागते. केंद्र शासनाने डिसेंबर २०१५ मध्ये सल्फर डायऑक्साइडची मर्यादा निश्चित केली. ती पाळण्यासाठी धुराड्यापूर्वी चुनखडीच्या पाण्याचा फवारा मारणारी यंत्रणा बसविली जाते. तिच्यातून जिप्सम मिळते. म्हणजे आकाशात धूळ जे काम कसेबसे करते, तेच काम येथे मोजूनमापून होते. मुदती वारंवार वाढल्या आणि जुलै २०२५ मध्ये शहरांपासूनच्या अंतरानुसार केंद्रांचे वर्ग पाडून देशातील बहुतांश केंद्रांना या यंत्रणेतून सूट देण्यात आली. भारतीय कोळशातील गंधक कमी आहे आणि हवेतील या वायूची पातळी मर्यादेत आहे, असे सुटीच्या बाजूने सांगितले जाते. हे म्हणणे खोटे नाही, अपुरे आहे. वायूची पातळी कमी दिसते कारण त्याचा बराच भाग सल्फेटच्या सूक्ष्म कणांत बदललेला असतो. हे कण अडीच मायक्रॉनहून लहान असल्याने फुप्फुसात खोलवर जातात, आणि फुप्फुसाला जठरासारखा बायकार्बोनेटयुक्त जाड थर नाही.

दुसरी बाजूही नमूद केली पाहिजे. सल्फेट जमिनीवर उतरले की करडई, भुईमूग यांसारख्या तेलबियांना त्यातील गंधक उपयोगी पडते. शेतकरी भुईमुगाला जिप्सम विकत घेऊन टाकतातच. तेव्हा येथील शेतीचे तातडीने नुकसान होईल असा इशारा देणे अतिशयोक्तीचे ठरेल. चुनखडीयुक्त काळी जमीन पुष्कळ आम्ल पचवू शकते. प्रश्न हवेचा व माणसाच्या श्वासाचा आहे.

मोजायचे काय?

पावसाचा केवळ सामू मोजणे म्हणजे सोडा घेतलेल्या रुग्णाला दुखते का असे विचारण्यासारखे आहे. सामू ६.८ आला तर त्यात आम्ल मुळातच नव्हते, की होते आणि धुळीने शमविले, हे त्या एका आकड्यातून कळत नाही. त्यासाठी पाण्यातील सल्फेट, नायट्रेट व कॅल्शियम यांचेही प्रमाण काढावे लागते. महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत हे परीक्षण अशक्य नाही. कॅल्शियमचे अनुमापन पदवीचे विद्यार्थी करतातच आणि सल्फेट बेरियम क्लोराइडने ओळखता व मोजता येते. नमुना गच्चीवर स्वच्छ प्लास्टिकच्या पात्रात घ्यावा. पात्र पाऊस सुरू होताना उघडावे व थांबताच झाकावे, अन्यथा कोरडी धूळ आत पडून निष्कर्ष बिघडतो. मृगाच्या पहिल्या सरी आणि सलग चार-पाच दिवसांच्या झडीनंतरचा पाऊस यांचे नमुने स्वतंत्र ठेवावेत. पहिल्यांत धूळ भरपूर असते. झडीत ती धुऊन गेलेली असते, आणि त्यानंतरही सल्फेट किती उरते व सामू कोठे जातो, ते वळसंग, होटगी व आहेरवाडी या तीन ठिकाणच्या नमुन्यांची तुलना करून पाहता येईल.