थेंबे थेंबे वीज साचे

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवणारी खेळणी अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या 'आयुका'तील मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अनेक शाळांपर्यंत पोहोचवली. त्याच वळणाचे एक खेळणे आम्ही गेल्या श्रावणात यवतमाळ जिल्ह्यातील महागावच्या एका शाळेत केले. साहित्य थोडकेच: बिघडलेल्या मोबाइलमधील थरथरणारी मोटर, दात घासायच्या जुन्या ब्रशचे डोके आणि सहा सौरघटांची पट्टी.

या मोटरच्या अक्षावर धातूचा तुकडा एकाच बाजूला बसवलेला असतो. अक्ष फिरला की तोल सतत ढळतो आणि मोटर थरथरते. ती ब्रशच्या पाठीवर चिकटवली की तिरप्या केसांवर ब्रश टुणटुण पुढे सरकतो.

त्या दिवशी आभाळ भरून आले होते. पट्टी जोडली, पण मोटर ढिम्म. तारा सोडून पट्टीचे विभवांतर मोजले, तर जवळजवळ ३ व्होल्ट! मोटरही ३ व्होल्टचीच. "मोटर खराब आहे," सातवीतली एक मुलगी म्हणाली. शिक्षकांचेही तेच मत. पण दोन पेन्सिल सेलांवर तीच मोटर छान फिरली.

मग अडले कुठे? एका सौरघटाचे विभवांतर सुमारे अर्धा व्होल्ट. सहा घट एकसर जोडले की ३ व्होल्ट. उजेड कमी झाला तरी हे विभवांतर थोडेच उतरते. विद्युतधारा मात्र उजेडाच्या प्रमाणात घटते. आमची पट्टी भर उन्हात २० मिलिअँपिअर देते; त्या दिवशी १ देत होती. मोटरला फिरत राहायला ७० लागतात, सुरू होताना त्याहून जास्त. इतकी मागणी येताच पट्टीचे विभवांतर कोसळते.

उपाय मुलांच्या शेतातच आहे. विहिरीचा झरा बारीक असेल तर पंप सतत चालवत नाहीत. रात्रभर पाणी साचू देतात आणि सकाळी थोडा वेळ उपसतात. आपली पट्टी म्हणजे झरा, मोटर म्हणजे पंप. विहीर हवी, ती म्हणजे कपॅसिटर.

४७०० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर घ्या. त्याचे धन टोक पट्टीच्या धन टोकाला आणि ऋण टोक ऋण टोकाला जोडा. अंगावर पट्टा छापलेली बाजू ऋण असते. उलट जोडू नका. मोटरच्या दोन लांब, बारीक तारा कपॅसिटरला जोडा, पैकी एक टाचणीच्या खटक्यातून. पट्टी व कपॅसिटर टेबलावरच राहू द्या. ब्रश हलका राहील.

आता हिशेब. अडीच व्होल्टपर्यंत भरलेल्या कपॅसिटरमध्ये ०.००४७ × २.५, म्हणजे सुमारे १२ मिलिकूलोम विद्युतभार मावतो. १ मिलिअँपिअरने तो भरायला १२ सेकंद लागतात. मोटर ७० मिलिअँपिअरने तो दोन-दशांश सेकंदाच्या आत संपवते. म्हणून ब्रश चालत नाही, एक उडी मारतो. खटका दाबला आणि ढगाळ आभाळाखाली पहिली उडी पडली, तेव्हा खराब ठरलेली मोटर त्या मुलीनेच परत मागून घेतली.

या खेळण्याने उजेडही मोजता येतो. प्रत्येक उडीनंतर खटका सोडा आणि मल्टिमीटर पुन्हा अडीच व्होल्ट दाखवेपर्यंतचे सेकंद मोजा. उजेड निम्मा झाला की वेळ साधारण दुप्पट होतो. ढगाळ दिवशी सकाळपासून दर तासाला नोंद करून आलेख काढायला सांगा. भर उन्हात मात्र कपॅसिटर सेकंदाच्या आतच भरतो. तेव्हा पट्टीवर पातळ कागदाचे सारखे थर पसरावे.

आता पुष्कळ शेतांत सौरपंप दिसतात. ढग आले की पाण्याची धार मंदावते आणि घरात कोणीतरी म्हणते, "पॅनेल बिघडले." तुमच्या वर्गातील मुलांना त्या वेळी काय उत्तर देता येईल, हे त्यांनाच विचारा.